दूरदेशींच्या लेकरांची भेट

युगांडांतील खेड्यांत पाहुण्यांची मोटार थांबतांच मुलें धांवत येतात. पाहुणे मात्र एकाच मुलास शोधीत असतात. त्याचा फोटो त्यांच्या खिशांत असतो.

ह्या मुलाच्या पालनार्थ ते दरमहा ठराविक रक्कम देतात. ती त्याच्या हातीं पडत नाहीं. १९५२ सालीं कोरियांतील अनाथांकरितां निघालेली 'कंपॅशन' ही संस्था गांवच्या ख्रिस्ती मंडळीमार्फत त्यांतून शिक्षण, औषधपाणी इत्यादि खर्च भागविते. भारत, केनिया व युगांडा धरून सहा देशांत तिच्या कार्याची पाहणी झाली. अशीं मुलें सुमारें एक ते दीड वर्ष अधिक शिकलीं, असें तींत आढळलें व तें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें.

पण शेजारच्या मुलाचें काय? तोहि धांवत आलेला असतो. भेटींची पिशवी उघडतांच तो मागें सरतो. 'वर्ल्ड व्हिजन' संस्था अनेकांच्या रकमा एकत्र करून पाणी, शाळा अशा गांवकामीं लावते. त्यांत त्याचाहि वांटा येतो. पाहुण्यांनीं निदान एक चेंडू न्यावा, असें आम्हांस वाटतें. तो कोणा एकाचा राहात नाहीं.

निघतांना पुष्कळदां मुलाची आईच पाहुण्यांस जिवंत कोंबडी देऊं करते. ती नाकारणें योग्य नव्हे.