खाऱ्यावर तरंगणारं गोडं पाणी

टोकेलाऊला विमानानं जाता येत नाही. सामोआतल्या आपिया बंदरात बोट पकडायची आणि उत्तरेकडे सुमारे ५०० किलोमीटर, निदान एक दिवस-रात्र, लाटांचे हेलकावे सोसायचे. मग येतात अताफू, नुकुनोनू आणि फकाओफो ही तीन कंकणद्वीपं. तिन्हींची मिळून जमीन जेमतेम १२ चौरस किलोमीटर, समुद्रसपाटीपासूनची उंची फार तर पाच मीटर आणि वस्ती सुमारे दीड हजार.

ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं, त्याच्या काठचं प्रवाळ मात्र वर वाढत राहतं आणि शेवटी नुसतं कडं उरतं, हे डार्विननं १८४२ मध्येच मांडलं होतं. टोकेलाऊची बेटं म्हणजे अशीच कडी. इथे नदी नाही, ओढा नाही, कठीण दगडही नाही. जुन्या काळी लाकूड तासायला शिंपल्याची हत्यारं करत.

मग पाणी कुठलं? पाऊस सच्छिद्र जमिनीत मुरतो आणि खाऱ्या पाण्याहून हलका असल्यानं त्याच्यावर भिंगासारखा तरंगत राहतो. हा थर मोठा नाजूक. उपसा जास्त झाला, पाऊस हुकला किंवा लाटा आत घुसल्या, की पाणी मचूळ. या थरापर्यंत खड्डे खणून लोक त्यात पुलाका हा अळूच्या कुळातला कंद लावत आले आहेत. पिण्यासाठी भिस्त छपरावरून टाक्यांत साठवलेल्या पावसावर. २०११ मध्ये पाऊस रुसला आणि आणीबाणी जाहीर करून बाहेरून पाणी आणावं लागलं.

इतक्या तुटपुंज्या ठिकाणी वाटून खाण्याचीही रीत ठरलेली. तिला ‘इनाती’ म्हणतात. गावानं धरलेली मासळी एकत्र मांडायची आणि घरातली माणसं मोजून वाटे घालायचे. मासे कोणाच्या गळाला लागले, हा प्रश्नच नाही. मला ही व्यवस्था त्या भिंगाइतकीच शास्त्रशुद्ध वाटते.

अशा या वस्तीवर १८६३ मध्ये मोठा घाव बसला. पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनी सुमारे अडीचशे माणसं उचलून नेली, म्हणजे जवळपास निम्मी वस्ती. पुढे ब्रिटिश अंमल आला, १९२६ पासून न्यूझीलंडचा. स्वयंशासनासाठी २००६ आणि २००७ मध्ये सार्वमत झालं. दोन तृतीयांश मतं हवी होती. दुसऱ्या खेपेला १६ कमी पडली. न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या हजारो टोकेलाऊवासीयांना त्यात मतच नव्हतं.