पाचशेची नोट आणि पडण्याचं घड्याळ

किनवटच्या बसस्टँडजवळ चहा पिता पिता ही पैज लावून बघा. पाचशेची कोरी करकरीत नोट वरच्या टोकाला धरून उभी लटकवायची. समोरच्यानं अंगठा आणि तर्जनी नोटेच्या मधोमध, तिला न शिवता, चिमटीसारखी रोखून ठेवायची. "धरली तं तुही!" म्हणायचं, जरा वेळ जाऊ द्यायचा आणि गुपचूप सोडून द्यायची. चिमटी मिटते ती रिकामीच. नोट पायाशी. चार जण हसतात, पाचवा बाह्या सरसावून पुढे येतो आणि त्याचंही तेच होतं.

चलाखी कुणाचीच नाही. पाचशेची नोट १५ सेंटीमीटर लांब असते. चिमटी मध्यावर, म्हणजे तिच्या हाती उरतात फक्त साडेसात सेंटीमीटर. दहावीच्या पुस्तकातलं मुक्त पतनाचं सूत्र आठवा: सेकंदांचा वर्ग करून ४.९ नं गुणला की पडलेलं अंतर मीटरमध्ये मिळतं. उलटं गणित मांडलं तर साडेसात सेंटीमीटर पडायला नोटेला लागतो ०.१२ सेकंद. डोळ्यांनी पाहून बोटं मिटायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. पैज लागण्याआधीच हरलेली असते.

मला यातलं खरं नवल वाटतं ते पुढेच आहे. हलकं-भारी, लाकडी-लोखंडी, हवेचा अडथळा नगण्य असेल तर सगळं सारख्याच चालीनं पडतं. मग पडलेलं अंतर हाच वेळ झाला की! शाळेच्या दप्तरातली ३० सेंटीमीटरची पट्टी हे घड्याळ आहे; ना किल्ली, ना सेल. शून्य खाली ठेवून ती लटकवा, चिमटी शून्याशी रोखा, सोडणाऱ्याला न सांगता सोडू द्या आणि जिथे पकडली तो आकडा वाचा.

पट्टीच्या पाठीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर थेट वेळेच्याच खुणा करता येतात. ०.०५ सेकंदाची खूण १.२ सेंटीमीटरवर, ०.१० ची ४.९ वर, ०.१५ ची ११ वर, ०.२० ची १९.६ वर. ०.२५ ची खूण ३०.६ वर, म्हणजे पट्टी संपल्यावर येते! काळाचे घास सारखे, पण अंतराचे १, ३, ५, ७, ९ अशा विषम पटींत वाढत जाणारे. हे गॅलिलिओनं सतराव्या शतकात दाखवून दिलं. खुणा जशा पुढे पुढे पांगत जातात, तसंच पावसाळ्यात इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला पैनगंगेचं पाणीही पांगतं. आधी सुटलेलं पाणी पुढे पळत असतं, मागचं नुकतंच सुटलेलं असतं. मधे ताण पडून धार तुटते आणि तिचे थेंब होतात. धबधब्याच्या पांढऱ्या तुषारांचं एक कारण हे वर्गाचं गणित आहे.

पण बोटं मिटायला लागणारा तो ०.२ सेकंद जातो कुठे? दोनशे वर्षांपूर्वी या प्रश्नालाच अर्थ नव्हता. विचार आणि हालचाल एकाच क्षणी होतात, असं पुष्कळांना वाटे. १८५० मध्ये कोनिग्सबर्गला शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं बेडकाच्या पायातल्या चेतातंतूतून संदेश किती वेगानं धावतो ते मोजलं. उत्तर निघालं ताशी शंभरेक किलोमीटर. विजेसारखं नव्हे, मोकळ्या रस्त्यावरच्या जीपगाडीसारखं! माणसाच्या हातातल्या जलद तंतूंत हा वेग त्याच्या दुप्पट असतो, म्हणून मेंदू ते बोट या मीटरभर वाटेला ०.०२ सेकंद पुरतो. बाकीचा वेळ डोळ्याचा पडदा, मेंदूतली उलाढाल आणि स्नायूंचं आकुंचन खाऊन टाकतं. गुडघ्यावर ठोकलं की पाय उडतो, ती प्रतिक्षिप्त क्रिया मज्जारज्जूतूनच परतते, म्हणून फार लवकर होते. पट्टी पकडणं तसं नाही, तिथे मेंदूचा हुकूम लागतो.

कान डोळ्यापेक्षा चपळ असतो. पकडणाऱ्यानं डोळे मिटले आणि पट्टी सोडतानाच सोडणाऱ्यानं "हं!" म्हणायचं ठरवलं, तर आकडा बहुधा खाली येतो. उसेन बोल्टनं २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, तेव्हा बंदुकीच्या आवाजाला त्याचा प्रतिसाद होता ०.१४६ सेकंद. आपल्या पट्टीवर हे साडेदहा सेंटीमीटर. आणि स्पर्धेच्या नियमात ०.१ सेकंदाच्या आत हललेला धावपटू बाद ठरतो, कारण त्यानं आवाज ऐकलेला नसतो, अंदाज बांधलेला असतो. पट्टीवर ती सीमा जवळजवळ ५ सेंटीमीटरवर येते. तुमचा कुणी मित्र तीन सेंटीमीटरवर पट्टी धरत असेल तर तो चपळ नाही; तो तुमच्या बोटांकडे नाही तर चेहऱ्याकडे बघून ताडतोय.

चैत्रात पहाटे इकडच्या रानात मोहाची फुलं टपटपतात. फूल रसाळ आणि जड, पानासारखं भिरभिरत नाही. टोपलं घेऊन आलेल्या आईबरोबरची पोरं ते वरच्या वर झेलायला बघतात आणि बहुतेक चुकतात. पाच मीटरवरच्या फांदीवरून सुटलेलं फूल जमिनीजवळ येईपर्यंत इतकं वेगात असतं की त्या ०.२ सेकंदात दीडेक मीटर सरकतं. म्हणजे फूल डोक्याशी दिसून हात हलेस्तोवर ते पायाशी पडलेलं असतं.

पट्टीचा प्रयोग करणार असाल तर पहिल्या तीन खेपा सोडून द्या, पुढच्या दहांची सरासरी घ्या. आणि बसस्टँडवर कुणी तुमच्याशीच ती पैज लावली, तर चिमटी नोटेच्या मध्यावर नको, खालच्या काठाशी ठेवू द्या म्हणा. तेव्हा ०.१२ ऐवजी ०.१७५ सेकंद मिळतो. पाचशे रुपये तरीही बहुधा त्याचेच राहतील.