पोक्रिश्किन: दंतकथेतला आणि नोंदींतला

दुसऱ्या महायुद्धावरच्या लिखाणात एक वाक्य हमखास भेटते. जर्मन रेडिओवर आरोळी उठायची, ‘सावधान! पोक्रिश्किन आकाशात आहे!’ आणि जर्मन वैमानिक पळ काढायचे. सोव्हिएत वृत्तपत्रांनी, चित्रपटांनी आणि पुढे अनेक पुस्तकांनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, की अलेक्सांद्र इवानोविच पोक्रिश्किन या माणसाविषयी बहुतेकांना तेवढीच ठाऊक असते. जर्मन बाजूच्या नोंदींतून मात्र तिला भक्कम आधार मिळालेला नाही. सोव्हिएत वैमानिकांची बोलणी जर्मन ऐकत असत आणि काही नावे त्यांच्या परिचयाची झाली असतील, हे शक्य आहे. पण एका नावाच्या धाकाने आकाश रिकामे होत असे, हा युद्धकाळातल्या प्रचाराचा भाग आहे. दंतकथेतल्या त्या माणसाने आकाशात फक्त दिसायचे असते. खऱ्या पोक्रिश्किनने वर्षानुवर्षे वही घेऊन अभ्यास केला, वरिष्ठांशी भांडण ओढवून घेतले आणि नवख्या पोरांना शिकवले. मला तो माणूस कितीतरी मोठा वाटतो.

‘तो जन्मजात वैमानिक होता’

त्याचा जन्म मार्च १९१३चा, सायबेरियातल्या नोव्होनिकोलायेव्स्क गावातला. तेच आजचे नोव्होसिबिर्स्क. घर कामगाराचे. कारखान्याच्या शाळेत तो हत्यारे घडवण्याचे काम शिकला. १९३२मध्ये वैमानिक होण्याच्या आशेने पेर्मच्या शाळेत गेला, तर तिथे आता फक्त विमानांचे तंत्रज्ञ तयार होणार, असे कळले. पुढची काही वर्षे तो क्रास्नोदारला तंत्रज्ञ म्हणून दुसऱ्यांची विमाने दुरुस्त करत राहिला. वैमानिकाच्या प्रशिक्षणाला पाठवा, असे अर्ज करायचा आणि ते फेटाळले जायचे. शेवटी १९३८मध्ये स्वतःची रजा वापरून त्याने क्रास्नोदारच्या एअरो क्लबचा अभ्यासक्रम १७ दिवसांत पुरा केला आणि परीक्षा दिली. १९३९मध्ये काचाच्या लष्करी विमानविद्यालयातून तो लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडला, तेव्हा त्याचे वय २६ होते. एवढ्या वयात त्याचे कित्येक सोबती स्क्वाड्रन सांभाळत होते.

ही उशिराची सुरुवात त्याच्या फार कामी आली, असे मला वाटते. इंजिन कुठल्या क्षणी दगा देईल, बंदूक का अडकते, वळणात पंखांवर किती ताण येतो, हे त्याला हातांनी ठाऊक होते. हवाई लढतीकडेही तो तसाच पाहायचा. इथे काय बिघडले? का बिघडले? पुढच्या वेळी ते कसे टाळायचे?

‘पहिल्या दिवसापासून विजयच विजय’

२२ जून १९४१, जर्मन आक्रमणाचा पहिला दिवस. पोक्रिश्किन ५५व्या लढाऊ रेजिमेंटमध्ये मोल्दाव्हियाच्या सीमेवर होता. त्या दिवशी त्याने पाडलेले विमान सोव्हिएतच निघाले. सुखोई सु-२ हे हलके बॉम्बफेकी विमान तेव्हा इतके गुप्त ठेवले होते, की लढाऊ रेजिमेंटांतल्या वैमानिकांनी त्याचे चित्रही पाहिले नव्हते. गोळ्या झाडून वर उठताना पोक्रिश्किनला पंखांवरचे लाल तारे दिसले. बाकीचे सोबती त्याच तुकडीवर तुटून पडत होते. त्यांना थांबवण्यासाठी तो आपले विमान त्यांच्या आड घालू लागला. त्या सु-२ तुकडीतला एक तरुण वैमानिक, इवान प्स्तिगो, पुढे स्वतः हवाई दलाचा मार्शल झाला आणि त्याने हा प्रसंग उघडपणे सांगितला. पोक्रिश्किननेही आपल्या आठवणींत तो लपवला नाही.

पुढचे महिने माघारीचे होते. जुलैमध्ये त्याला विमानभेदी तोफांनी पाडले आणि तो पायी आपल्या लोकांपर्यंत पोहोचला. तेव्हा तो मिग-३ उडवायचा. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यामुळे मिग हे नाव मराठी माणसाला घरचे वाटते, पण मिग-३ हे त्याच घराण्यातले फार आधीचे, पंख्याच्या इंजिनाचे विमान. उंचावर वेगवान, जमिनीलगत जड. पोक्रिश्किनला त्या वर्षी बरीचशी टेहळणीची कामे मिळाली, आणि १९४१च्या शरदात रोस्तोव्हच्या आघाडीवर जर्मन रणगाड्यांचा ठावठिकाणा शोधणाऱ्यांत तो होता. अशा कामात पाडलेल्या विमानांची संख्या वाढत नाही, म्हणून दंतकथेत त्याला जागा नाही.

‘वरिष्ठांचा लाडका’

१९४२च्या उन्हाळ्यानंतर रेजिमेंट नव्या विमानांसाठी मागे घेतली गेली. (मार्चमध्येच तिला १६वी गार्ड्‌स रेजिमेंट हा मान मिळाला होता.) तिथे पोक्रिश्किनचे रेजिमेंटचा कमांडर इसायेव्ह याच्याशी चांगलेच बिनसले. युद्धाआधीची पुस्तकी डावपेचांची पद्धत माणसे मारते आहे, असे तो तोंडावर सांगत असे. वरून दुसऱ्या एका तुकडीच्या अधिकाऱ्यांशी खाणावळीत झालेले भांडण निमित्त ठरले. स्क्वाड्रनची कमान गेली, पक्षातून काढले, ‘सोव्हिएत संघाचा वीर’ या किताबाची शिफारस मागे घेतली गेली आणि प्रकरण लष्करी न्यायालयापर्यंत गेले. १९४२च्या सोव्हिएत संघात याचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगायला नको. रेजिमेंटचा कमिसार, म्हणजे राजकीय अधिकारी, पोग्रेबनोय त्याच्या बाजूने ठामपणे उभा राहिला, म्हणून तो वाचला.

कुबानचे आकाश

पोक्रिश्किनचे खरे मोठेपण १९४३च्या वसंतात, काळ्या समुद्राजवळच्या कुबान प्रदेशावर दिसते. गैरसमजही इथेच सगळ्यांत जास्त आहेत.

एक समज असा, की जोडीजोडीने उडण्याची पद्धत त्याने शोधली. ते खरे नाही. जर्मन वैमानिक स्पेनच्या यादवीपासून जोडीनेच लढत होते, आणि सोव्हिएत हवाई दलही तीन विमानांची जुनी रचना सोडून जोडीकडे वळू लागले होते. पोक्रिश्किनने त्या जोड्यांना उंचीत कसे रचायचे आणि कुठल्या वेगाने फिरवायचे, हे ठरवले.

पायदळाचे सेनापती तेव्हा आपली विमाने डोक्यावर सतत दिसावीत, असा आग्रह धरत. म्हणून लढाऊ विमाने कमी उंचीवर, इंधन वाचवत, हळूहळू घिरट्या घालत राहायची. खालच्या शिपायाला धीर यायचा, पण वरून सूर मारणाऱ्या मेसरश्मिट विमानांना आयती शिकार मिळायची. कमी उंचीवरच्या हळू विमानाकडे ना उंची असते ना वेग. या दोन्हींपैकी एक हाती असेल तर त्यातून दुसरे मिळवता येते. दोन्ही नसतील तर करण्यासारखे काही उरत नाही.

पोक्रिश्किनने तुकडीचे मजले केले. खालची जोडी बॉम्बफेकी विमानांवर तुटून पडायची, तिच्यावरची जोडी तिला राखायची आणि सगळ्यांत वरची सूर्याच्या बाजूला राहून शत्रूच्या लढाऊ विमानांची वाट अडवायची. गस्तही एका जागी घिरट्या घालत नसे. विमाने झोपाळ्यासारखी फिरायची: राखायच्या भागावरून खाली येताना वेग कमवायचा, पलीकडे गेल्यावर तोच वेग उंचीत बदलायचा आणि परत. त्यामुळे शत्रू भेटेल त्या क्षणी हातात वेग असायचा. हीच रचना ‘कुबानची मांडणी’ म्हणून सोव्हिएत हवाई दलात प्रसिद्ध झाली. तिचे सार चार शब्दांत शिकवले जाई: उंची, वेग, हालचाल, मारा. क्रम महत्त्वाचा. मारा शेवटी येतो, कारण आधीचे तीन जमले असतील तर तो क्षणभराचा आणि अगदी जवळून होतो.

या सगळ्याला रेडिओची जोड लागते. वरच्या जोडीने खालच्याला सांगितलेच नाही, तर मजले कसले? विमानातला चांगला रेडिओ आणि आघाडीजवळचे मार्गदर्शक केंद्र या दोन गोष्टी कुबानला प्रथमच नीट हाती आल्या. पोपोविचेस्कायाच्या धावपट्टीवर पोक्रिश्किन नव्याने आलेल्या वैमानिकांना आकृत्या काढून शिकवायचा, हातात लाकडी विमाने धरून डाव समजावायचा आणि मगच आकाशात न्यायचा. २४ मे १९४३ला त्याला वीराचा पहिला किताब मिळाला, ऑगस्टमध्ये दुसरा आणि १९ ऑगस्ट १९४४ला तिसरा. तीनदा हा मान मिळवणारा तो पहिला.

‘अमेरिकी विमान रणगाडे फोडायला वापरले’

कुबानपासून त्याने उडवले ते बेल कंपनीचे पी-३९ एराकोब्रा. अमेरिकेच्या मदत योजनेतून ही सुमारे ४,७०० विमाने सोव्हिएत संघाकडे निघाली, म्हणजे एकूण उत्पादनाच्या जवळजवळ निम्मी. पंख्याच्या मध्यातून मारा करणाऱ्या ३७ मिलिमीटरच्या तोफेमुळे पाश्चात्त्य पुस्तकांत ‘रशियनांनी हे रणगाड्यांवर वापरले’ असे वर्षानुवर्षे छापून आले. त्या तोफेचे चिलखतभेदी गोळे सोव्हिएत संघाला दिलेच गेले नव्हते. तिथे हे विमान हवाई लढतीसाठीच वापरले गेले. ब्रिटिशांनी ते नाकारले, कारण फार उंचीवर त्याचे इंजिन दमते. पूर्व आघाडीवर मात्र लढती बहुधा खालच्या उंचीवर व्हायच्या. पोक्रिश्किनने तोफ आणि मशिनगन यांची बटणे एकत्र जोडून घेतली, म्हणजे एका दाबात सगळा मारा एका ठिकाणी. तंत्रज्ञाचे डोके इथेही दिसते.

आकड्यांचा वाद

युद्धात ६५०हून अधिक उड्डाणे, १५६ हवाई लढती, ५९ विमाने एकट्याने पाडलेली. सोव्हिएत काळातला हा अधिकृत हिशेब. काही लोक तो शंभराच्या पुढे नेतात. उलट, पुराभिलेख तपासणारे रशियन संशोधक मिखाईल बिकोव्ह यांना कागदपत्रांत ४६ वैयक्तिक आणि ६ सामूहिक विजय सापडले. मला बिकोव्ह यांचा हिशेब अधिक विश्वासाचा वाटतो. एवढे मात्र खरे, की १९४१च्या माघारीतल्या नोंदी अपुऱ्या आहेत, आणि मे १९४४मध्ये, ३१व्या वर्षी, ९व्या गार्ड्‌स लढाऊ डिव्हिजनची कमान आल्यावर त्याला स्वतः लढायला थोडीच संधी मिळाली. त्याआधी त्याने मॉस्कोतले लढाऊ प्रशिक्षणाचे मोठे पद नाकारले होते.

डिव्हिजनचा कमांडर म्हणून त्याने केलेली एक गोष्ट कुठल्याही आकड्यात मावत नाही. १९४५च्या सुरुवातीला जर्मनीत बर्फ वितळून गवती धावपट्ट्यांचा चिखल झाला. त्याने ब्रेस्लाउच्या बाजूच्या महामार्गाचा एक तुकडा धावपट्टी म्हणून निवडला. रस्ता विमानाच्या पंखांहून अरुंद होता. आधी तो स्वतः उतरला, मग डिव्हिजन उतरली आणि तिथूनच लढली.

‘युद्धानंतर स्तालिनने त्याला डोक्यावर घेतले’

तीनदा वीर ठरलेला हा कर्नल मेजर जनरल झाला तो ऑगस्ट १९५३मध्ये, स्तालिनच्या मृत्यूनंतर. मधल्या काळात त्याने फ्रुंझे अकादमीचा अभ्यासक्रम सुवर्णपदकासह पुरा केला आणि देशाच्या हवाई संरक्षण दलात नोकरी केली. तो कोरियात लढला, असेही कुठे कुठे वाचायला मिळते. ती गल्लत इवान कोझेदुबशी होते. तीनदा वीर ठरलेला दुसरा लढाऊ वैमानिक तो, आणि कोरियाला डिव्हिजन घेऊन गेला तोच. पोक्रिश्किन १९६१पासून कीव्हच्या ८व्या हवाई संरक्षण सेनेचा प्रमुख होता, १९६८मध्ये संपूर्ण दलाचा उपप्रमुख झाला, आणि १९६९मध्ये हवाई संरक्षणाच्या नियोजनावर प्रबंध लिहून त्याने पदवी मिळवली. डिसेंबर १९७२मध्ये तो हवाई दलाचा मार्शल झाला. तेव्हा तो तरुणांना उड्डाण आणि लष्करी कौशल्ये शिकवणाऱ्या देशव्यापी संघटनेचा अध्यक्ष होता, आणि ते काम त्याने १९८१पर्यंत केले. १३ नोव्हेंबर १९८५ला मॉस्कोत त्याचे निधन झाले.