पानांवर डाग दिसले? फवारणीआधी कुंडीतली माती तपासा

पाऊस सुरू झाला की अंगणात, गच्चीवर मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं लागतात. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडतात, डाग दिसतात, रोप मान टाकतं. मग कुणी आणखी पाणी घालतं, कुणी दुकानातून औषध आणून मारतं. पुष्कळदा रोप या घाईनंच जातं.

कोमेजलेलं रोप तहानलेलंच असतं असं नाही. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या कुंडीतलं रोपही मान टाकतं. त्यात आणखी पाणी घातलं की संपलंच.

आधी हे करा

बोटाचं दुसरं पेर बुडेल इतकं बोट मातीत घाला. आत ओल लागली तर पाणी नको. कोकोपीट वरून सुकलेलं दिसतं, पण खाली ओलं असू शकतं. म्हणून कुंडी उचलून वजनही बघा. तळाचं भोक बुजलंय का, खालच्या ताटलीत पाणी साचलंय का, तेही तपासा. दुपारी मान टाकलेलं रोप संध्याकाळी सावरत असेल तर ते उन्हामुळे, घाबरू नका.

डाग काय सांगतात?

- खालची पानं पिवळी, माती ओली : पाणी जास्त झालंय.
- पानांच्या कडा करपलेल्या, कुरकुरीत : पाणी कमी किंवा ऊन जास्त. मातीवर पांढरा थर असेल तर बोअरच्या पाण्यातले क्षार किंवा जादा खत.
- खालच्या पानांवर तपकिरी डाग, आत गोल गोल वलयं : टोमॅटोवरचा करपा.
- बारीक, काळपट, पाणी शोषल्यासारखे डाग : बहुधा जिवाणूजन्य रोग. पाण्याच्या शिंतोड्यांनी पसरतो.
- पानावर फिकट पिवळे ठिपके, मागे बारीक जाळी : लाल कोळी. कोरड्या हवेत जास्त.
- मातीलगत देठ बारीक होऊन रोप आडवं : मर. ते रोप वाचत नाही, मातीसकट काढा.

उपाय साधेच

डागाळलेली पानं तोडून लांब टाका. पाणी सकाळी, बुडाशी घाला, पानांवर नको. कुंड्यांत अंतर ठेवा. बेळगाव-खानापूरकडच्या झडीत कुंड्या पागोळ्यांखालून हलवल्या तरी निम्मं काम होतं. इंदूर, हैदराबादच्या उन्हाळ्यात मात्र उलट. लहान पिशवीतली माती एका दिवसात सुकते, तिथे रोज बघावं लागतं.

चार-पाच दिवसांत नव्या पानांवरही डाग आले, तरच औषधाचा विचार करा. डागाळलेलं पान पिशवीत घालून कर्नाटकात रयत संपर्क केंद्रात, इतरत्र कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. जुने डाग पुसले जात नाहीत. रोप सावरलं की नाही ते नव्या पानावरून ओळखा.