साडेतीनशे क्युसेकची परवानगी

पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं, की विसर्गाचे आकडे हजारांत येतात. त्यापुढे 350 क्युसेक म्हणजे किरकोळच! पण अमेरिकेतल्या चट्टूगा नदीच्या वरच्या अंगाला कयाक घालायची की नाही, हे याच आकड्यावर ठरतं.

नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी पुढे जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिना यांची हद्द होते. 1974 साली तिला कायद्याचं संरक्षण मिळालं. 1976 मध्ये वनखात्यानं 28 क्रमांकाच्या हमरस्त्यापासून वरच्या पात्रात होड्यांना बंदी घातली. तिथलं राखीव रान शांत राहावं आणि ट्राउट माशांसाठी पाण्यात उतरणाऱ्या गळवाल्यांना निवांतपणा मिळावा, म्हणून. कयाकवाले अर्थातच चिडले. अखेर 2012 मध्ये तोडगा निघाला: 1 डिसेंबर ते 30 एप्रिल, दिवसाउजेडी, आणि प्रवाह किमान 350 क्युसेक असेल तरच.

गंमत या आकड्यात आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की पायांवरचा रेटा चौपट होतो. पाणी चढलं, की मांडीभर पाण्यात उभा असलेला गळवाला आपसूक काठ गाठतो. एरवी खडकांवर खरवडणारी कयाक मात्र त्याच पाण्यावर अलगद तरंगते. एकाची वेळ संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते!

350 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 9,900 लिटर. एवढं पाणी मोजतं तरी कोण? काठावरचं यंत्र फक्त पाण्याची उंची टिपतं. कोणत्या उंचीला किती प्रवाह, हे तज्ज्ञांनी पात्राची खोली आणि पाण्याचा वेग वारंवार मोजून आधीच बसवलेलं असतं. पुरानं तळ खरवडला, की हे गणित पुन्हा मांडावं लागतं.

आपल्या कोलाडला कुंडलिकेवरचं राफ्टिंग भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतं. चट्टूगाला असं पाणी सोडणारं कुणी नाही, सगळी भिस्त पावसावर.

कयाकवाल्यांना ही सूट अपुरी वाटली. ते कोर्टात गेले, पण 2014 मध्ये अपील कोर्टानं नियम कायम ठेवला. त्यामुळे जूनमध्ये नदी हजार क्युसेकनं वाहिली, तरी या पट्ट्यात कयाक काठावरच. हिवाळ्यातही पात्रात आडवं पडलेलं झाड आपल्या मर्जीनं कापायचं नाही. त्याच्या आडोशाला मासे राहतात. कयाक खांद्यावर घ्यायची आणि वळसा घालून पुढे जायचं.