खोट्या दागिन्यांचा शौक

‘‘कान हैं की खुंटी?’’

अम्मीचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. डेक्कनच्या हाँगकाँग लेनमधून तीस रुपयांना घेतलेले, तळहाताएवढे झुमके घालून घरी आले होते. आता मी स्वतः कॉलेजात शिकवते, चाळिशी ओलांडली, पण झुमक्यांचा आकार काही कमी झाला नाही आणि अम्मीचं वाक्यही बदललं नाही.

तर कबूल करून टाकते. मला दागिन्यांचा शौक आहे आणि तो खोट्या दागिन्यांचा आहे. सोन्या मारुती चौकातून जाताना सराफांच्या काचांकडं माझी मान वळत नाही. पण पुढं तुळशीबागेच्या बोळात शिरले की पाय आपोआप मंदावतात. काळपट ऑक्सिडाइज्ड हसल्या, आरशाचे तुकडे जडवलेले बाजूबंद, रेशमी गोंड्यांचे कानातले, अर्धं बोट झाकून टाकणारी मोराची अंगठी. घरी बिस्किटांचा एक मोठा निळा पत्र्याचा डबा आहे, त्यात हे सगळं राहतं. हैदराबादच्या लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्या आहेत, दिल्लीच्या जनपथवरची एक माळ आहे, आणि बाकी सगळं पुणं.

माझ्या विद्यार्थिनी याला ‘स्टेटमेंट ज्वेलरी’ म्हणतात. अंगावर दागिना एकच, पण असा की बाकी सगळ्यांनी गप्प बसावं. आमच्या पिढीकडं ‘बेन्टेक्स’ एवढा एकच शब्द होता आणि तो हळू आवाजात म्हणायचा असे. लग्नात कुणी गळ्याकडं निरखून पाहिलं की विषय बदलायचा. खोटं खऱ्यासारखं दिसावं यातच त्याची इज्जत होती. आताचं खोटं तसा प्रयत्नच करत नाही, म्हणून मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. पाच इंची चांदबाली सोन्यात कोण घडवणार? आणि घडवली तर घालून पीएमपीच्या बसमध्ये कोण चढणार?

खरेदीचंही एक शास्त्र आहे. कानातलं आधी तळहातावर ठेवून झुलवायचं. हाताला जड लागलं तर कानाची पाळी दुप्पट तक्रार करणार. आकडा नखानं दाबून बघायचा, सहज वाकला तर परत ठेवायचा. जर्मन सिल्व्हरच्या नावातच काय ती चांदी. आत तांबं, जस्त आणि निकेल. या निकेलनं कित्येकींचे कान खाजून लाल होतात. त्यावर इलाज म्हणजे आकड्याला बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात. वजनदार झुमक्याचा भार कानावरून केसांत नेऊन अडकवणारी जी साखळी असते, तिला मराठीत वेल म्हणतात. उर्दूत तिचं नाव ‘सहारा’. दोन भाषा येत असल्या की एकाच साखळीची दोन सुखं मिळतात.

घासाघीस मात्र मी कुठल्याही भाषेत करते. फॅशन स्ट्रीटवर माझे एक ठरलेले भाई आहेत. 2021च्या मार्चमध्ये मी त्यांना वीस रुपयांसाठी चांगली पंधरा मिनिटं अडवून धरलं होतं आणि जिंकून घरी आले होते. त्याच महिन्यात, 26 तारखेच्या रात्री फॅशन स्ट्रीटला आग लागली. पाचशेच्या आसपास दुकानं एका रात्रीत गेली. रमजान तीन आठवड्यांवर आला होता, म्हणजे कित्येकांनी ईदचा माल भरून ठेवलेला. मागोमाग टाळेबंदी आली. ते वीस रुपये मला अजून टोचतात. भाईंनी पुन्हा पत्रे ठोकून दुकान लावलं, तेव्हा पहिल्याच खेपेला मी भाव न करता पैसे दिले, तर तेच म्हणाले, ‘‘मॅडम, तबियत ठीक है ना?’’

रमजानमध्ये आमच्या घरी दागिन्यांची आणखी एक मोजदाद होते, ती जकातीची. साडेसात तोळे म्हणजे 87.48 ग्रॅम सोनं, किंवा साडेबावन्न तोळे म्हणजे 612.36 ग्रॅम चांदी, ही मर्यादा. तेवढी मालमत्ता वर्षभर जवळ राहिली की तिचा अडीच टक्के हिस्सा गरिबांचा. आम्ही हनफी, आमच्यात अंगावरचं सोनंही मोजतात. माझं सासर रत्नागिरीकडचं कोकणी, म्हणजे शाफई. त्यांच्यात रोजच्या वापरातला दागिना जकातीतून सुटतो. दर रमजानला सासूबाई आणि अम्मी फोनवर यावरून तासभर हुज्जत घालतात आणि शेवटी एकमेकींना दुआ देऊन फोन ठेवतात. माझ्या निळ्या डब्याबद्दल मात्र दोन्ही मसलकांचं एकमत आहे. त्यात जकातीला लागेल असं काहीच नाही. चोरालाही नाही, बँकेलाही नाही.

‘‘मॅडम, रोजा आहे ना तुमचा? मग हे एवढं?’’ स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंनी कानाकडं बोट करून विचारलं होतं. विचारण्यात खोच नव्हती. उपवास म्हणजे साधेपणा, हे समीकरण आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असतं. मी त्यांना हजरत आयेशा यांच्या हाराची गोष्ट सांगितली. प्रेषितांबरोबर (स.) प्रवासात असताना त्यांच्या गळ्यातला हार हरवला. तोही स्वतःचा नव्हे, बहीण अस्मा यांच्याकडून मागून आणलेला. हाराच्या शोधासाठी सगळा काफिला थांबला, आणि थांबला तो अशा जागी जिथं पाण्याचा थेंब नव्हता. वडील हजरत अबू बक्र लेकीवर संतापले. पाणी नाही तर वजू कशी करायची, नमाज कशी पढायची? तेव्हा तयम्मुमची, म्हणजे पाणी नसेल तर स्वच्छ मातीनं शुद्ध होण्याची मुभा देणारी आयत उतरली. पुढं उंट उठवला तर हार त्याच्याखाली सापडला. काही रिवायतींत तो यमनी दगडी मण्यांचा होता असं येतं. सोन्याचा नव्हता, हे मी सहकारी बाईंना दोनदा सांगितलं.

आता जे सांगायचं आहे त्याकडं येते.

डिसेंबर 2021च्या मध्यावर अब्बा गेले. अम्मीच्या हातात लग्नापासून काचेच्या बांगड्या होत्या आणि गळ्यात कालीपोत. कालीपोत म्हणजे काळ्या मण्यांचा लच्छा, तुमच्या मंगळसूत्राची सख्खी बहीण. नात्यातल्या बायकांनी दोन्ही उतरवलं. आमच्याकडं याला ‘चूड़ियाँ ठंडी करना’ म्हणतात. मराठीत बांगडी ‘वाढवतात’. फुटली, तोडली असं कुठल्याच भाषेत म्हणत नाहीत आणि करतात मात्र दोन्हीकडं तेच.

पतीच्या निधनानंतर मुस्लिम बाईनं चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची असते. या काळात दागिने नाहीत, अत्तर नाही, सुरमा नाही. अम्मी लष्करातल्या जुन्या घरात, खिडकीशी बसून असायची. मी रोज कॉलेजातून थेट तिच्याकडं जायचे. निळा डबा मी माळ्यावर टाकला होता. कानात नुसते चांदीचे ठिपके. एक दिवस, फेब्रुवारीत असेल, अम्मी माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘कान सूने क्यों?’’ मी काही बोलले नाही. मग तिनं मला उम्मे हबीबा यांची गोष्ट सांगितली. वडील अबू सुफियान वारले, त्यानंतर उम्मे हबीबा यांनी सुगंधी द्रव्य मागवून स्वतःच्या गालांना लावलं आणि म्हणाल्या की मला याची गरज नव्हती, पण पतीखेरीज इतर कुणासाठी तीन दिवसांहून जास्त शोक करू नये, हे प्रेषितांकडून (स.) ऐकलं आहे. ‘‘तेरे तीन दिन कब के हो गए,’’ अम्मी म्हणाली. मला कान म्हणजे खुंटी म्हणणारी माझी आई मला झुमके घालायला सांगत होती.

मी घातले. दुसऱ्या दिवशी कॉलेजात कुणाचं लक्षही गेलं नाही.

अम्मीची इद्दत त्या रमजानमध्येच, शेवटच्या दहा रोजांच्या तोंडावर संपली. धर्माच्या हिशेबानं मुदत पूर्ण झाली होती, आता तिनं बांगड्या भरल्या तर बोट दाखवायचा हक्क कुणालाच नव्हता. पण तिच्या ओळखीच्या एकाही विधवा बाईच्या हातात काच नव्हती. मी विषय काढला तर म्हणाली, ‘‘अब किस के लिए?’’

हा प्रश्न मी चार दिवस डोक्यात घेऊन फिरले. माझे मियाँ मी काय घातलंय हे कधी बघत नाहीत. वीस वर्षांत एकदाच म्हणाले, ‘‘आज काही आवाज येतोय का?’’ तेव्हा पायात घुंगरांचे पैंजण होते. म्हणजे माझा डबाही कुणासाठी नव्हताच की! हे मी अम्मीला सांगून पाहिलं. ती हसली, पण हात पुढं केला नाही.

2 मे 2022ची चाँद रात. दोन ईदा घरात कोंडून गेल्यानंतरची पहिली मोकळी चाँद रात, त्यामुळं एमजी रोडवर मुंगीला वाट नव्हती. मेंदीवाल्या मुली रस्त्याच्या कडेलाच पाट मांडून बसल्या होत्या. एका मणियाराच्या गाडीवर गडद निळ्या काचेच्या, सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्या दिसल्या. ‘‘साइज?’’ ‘‘दोन-सहा.’’ अम्मीचा हात कायम दोन-सहाचा. एक डझन घेतल्या. घासाघीस विसरले.

दुसऱ्या दिवशी ईद आणि अक्षय्य तृतीया एकत्रच होती. समोरच्या काकू आमरसाचं पातेलं घेऊन आल्या आणि शीरखुर्म्याचा डबा घेऊन बसल्या. काकूंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. हातात सोन्याच्या दोन बारीक पाटल्या, काच नाही, कपाळ मोकळं. अम्मीनं बांगड्यांचा पुडा उघडला, बघितला, ‘‘अच्छी है’’ म्हणाली आणि कपाटात ठेवून दिला. मी बोलले नाही. ईदच्या दिवशी वाद नको.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांत शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाची बातमी आली. पती वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेनं केला होता. काही दिवसांनी इतर गावांनीही तसं करावं म्हणून सरकारचं परिपत्रकही निघालं. काकूंचं माहेर जयसिंगपूर, म्हणजे त्याच तालुक्यातलं. त्या पेपर घेऊन धावतच आल्या आणि अम्मीला सगळी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. अम्मीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, ‘‘सोग की मुद्दत कितनी रखी?’’ काकूंना प्रश्नच कळला नाही. त्यांच्याकडं मुदत असं काही नव्हतंच, जे गेलं ते कायमचं. अम्मीला याचं खरंच नवल वाटलं. आणि मला नवल वाटलं अम्मीचं, कारण मुदत असूनही तिचे हात मोकळेच होते.

काकूच म्हणाल्या, ‘‘भाभी, त्या निळ्या बांगड्या कुठंयत?’’

पुडा निघाला. अम्मीच्या हातातून बांगड्या सरळ कोपरापर्यंत गेल्या आणि हात खाली केला तर गळून पडायच्या. चार महिन्यांत हात दोन-चारचा झाला होता, हे रोज तिच्या शेजारी बसूनही मला दिसलं नव्हतं. काकूंना दोन-सहा अगदी बरोबर बसल्या. सहा त्यांनी घातल्या, सहा पुड्यात ठेवल्या. घरात घालतात. माहेरी जाताना मात्र काढून ठेवतात, हेरवाड तिथून जवळ असलं तरी.

अम्मीनं पुढच्या वर्षी दोन-चारच्या घातल्या, चारच, तेही ईदपुरत्या. यंदा पंधराव्या रोजाला इफ्तारनंतर तिनं स्वतःहून सांगितलं, ‘‘कांच नक्को. तेरे पास रहते वैसा कुछ ला कान का. मगर छोटा.’’

तेव्हापासून तुळशीबागेत तीन खेपा झाल्या, फॅशन स्ट्रीटवर एक. भाईंनी दुकानातलं सगळं लहानसहान माझ्यापुढं ओतलं. पण छोटं कसं निवडायचं तेच मला कळत नाही, कधी घेतलेलंच नाही. ईद चार दिवसांवर आली आहे. उद्या काकूंना बरोबर न्यावं म्हणते.