उजेडाचा पडदा

जुन्नर-आंबेगाव म्हटले की वाचकांना शिवनेरी आठवतो, भीमाशंकर आठवते, फार तर नारायणगावचा टोमॅटो. पण इथली कितीतरी मुले पुणे-नाशिक रस्त्याने चाकणच्या कारखान्यांत कामाला जातात, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तिथे पत्रा दाबणारे पॉवर प्रेस असतात. वरचा साचा खाली येतो तेव्हा मध्ये पत्रा आहे की बोटे, हे त्या बापड्याला कळत नाही.

ते कळावे म्हणून उजेडाचा पडदा लावतात. संधी सोडवताना हटकून अडखळणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला तो झकास समजावून दिला. यंत्राच्या तोंडाशी दोन खांब. एकातून अवरक्त किरण सुटतात, दुसरा ते टिपतो. (उजेड म्हणायचा, पण तो दिसत नाही!) एक जरी किरण अडला की यंत्र थांबते. बोट टिपायचे तर किरणांची वीण फार दाट लागते. शिवाय पडद्यातच बिघाड झाला, तरीही यंत्र थांबलेच पाहिजे, अशी रचना असते. जर्मनीत एर्विन सिक यांनी १९५२ साली असा पडदा प्रदर्शनात मांडला होता.

"पण सर, पडदा लावला म्हणजे झालं असं नाही," तो म्हणाला. खरी गोम इथेच आहे. हात सेकंदाला २ मीटर धावतो असे धरतात. यंत्राला थांबायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागत असेल, तर पडदा साच्यापासून निदान ४० सेंटिमीटर दूर हवा. आणि जुन्या चावीच्या क्लचचे प्रेस? ते एकदा सुटले की पुरा फेरा मारल्यावाचून थांबतच नाहीत. त्यांच्यापुढचा पडदा म्हणजे नुसती दिवाळीची रोषणाई! तिथे मुकाट्याने लोखंडी जाळी बसवावी. नवी नोकरी धरताना हा मुलगा पगाराच्या आधी विचारतो, "प्रेस मध्येच थांबतो का?" एका ठिकाणी त्याला हसले. तिथे तो गेला नाही.

आमच्याकडच्या गोठ्यांतली कडबाकुट्टी याच जातीची. बटण बंद केले तरी तिचे जड चाक फिरतच राहते, आणि वैरण आत सारणारा हात पुष्कळदा घरच्या बाईचा असतो. तिथे किरणांचा काय उपयोग? चारा सारायचे तोंडच लांब आणि वरून झाकलेले हवे, म्हणजे हात पात्यापर्यंत पोचणार नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत त्याने घरच्या कुट्टीला तसा पत्रा ठोकला.

"चारा जरा अडतो रे," आई म्हणाली.

"अडू दे," तो म्हणाला.